नंबर लागना का?

एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचे मार्क कळले म्हणून सुरतेच्या लिंबायतमध्ये कुणी पेढे वाटत नाही. मार्क कळणं वेगळं आणि शिष्यवृत्ती लागणं वेगळं, हे इथल्या आयांना आता पुरतं कळून चुकलंय. १८० पैकी ११२. चांगले आहेत का? चांगलेच आहेत. मग मिळणार का? ते कसं सांगू? गांधीनगरहून राज्य परीक्षा बोर्ड कटऑफ लावेल तेव्हा कळेल. तोवर भाजीच्या लारीपाशी, देवळाच्या पायरीवर, जिथं गाठ पडेल तिथं साड्यांना लेस लावणारी, धागा कटिंग करणारी बाई एकच प्रश्न टाकते, "सर, नंबर लागना का?"

माझी सारी नोकरी सुरत महापालिकेच्या मराठी शाळांत गेली. आमची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. कापडाच्या धंद्यानं या शहरात कुणाकुणाला ओढून आणलं त्याची ही यादीच समजा. यातल्या मराठी शाळा खानदेशानं भरल्या. विसावं शतक उजाडता उजाडता ताप्ती व्हॅली रेल्वे झाली; उधन्याहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत ती जळगाव-भुसावळला जाते. दुष्काळाच्या सालात याच गाडीनं माणसं उलट दिशेनं आली, लूमच्या खात्यात लागली, उधना-लिंबायत-पांडेसरा-डिंडोलीत भाड्याच्या खोल्यांत राहिली आणि पोरं आमच्या वर्गात बसवून गेली. निवृत्त झाल्यावरही आठवीतली काही पोरं संध्याकाळी माझ्याकडे येतात. त्यांच्याबरोबर वाट बघता बघता या वाट बघण्याचा इतिहास मी धुंडाळू लागलो.

आधी आजचं गणित सांगतो, कारण शिकलेल्या माणसांनाही ते नीट ठाऊक नसतं. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस, केंद्र सरकारनं २००८ मध्ये सुरू केली. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९०. दोन्हींत मिळून ४० टक्के पडले की मूल पात्र. अनुसूचित जाती-जमातींना ३२. इथपर्यंत रेघ आधीच आखलेली आहे, ती सगळ्यांना माहीत आहे. घोळ होतो तो पुढे. पात्र ठरलेल्या सगळ्यांना पैसे मिळत नाहीत. देशभरात दर वर्षी नव्या शिष्यवृत्त्या १ लाख, त्यातल्या गुजरातच्या वाट्याला ५,०९७ आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. राज्यातही यादी जिल्हावार आणि प्रवर्गवार लागते. म्हणजे वरून मोजत यायचं, जागा संपल्या की थांबायचं. ज्या मुलापाशी थांबलो त्याचे मार्क म्हणजे कटऑफ. ही दुसरी रेघ परीक्षेच्या दिवशी अस्तित्वातच नसते. मुलानं पेपर लिहिला तेव्हा नव्हती, ओएमआर तपासली तेव्हाही नव्हती. ती इतरांच्या मार्कांनी तयार होते, आणि त्याहून जास्त, दिल्लीत ठरलेल्या आकड्यानं.

माझ्याकडच्या एका मुलाचा सख्खा चुलतभाऊ शहाद्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतो. आजी एक, शेत एक, आडनाव एक. एक महाराष्ट्राच्या कोट्यात, दुसरा गुजरातच्या. सारखेच मार्क पडून एकाला शिष्यवृत्ती लागू शकते आणि दुसऱ्याला नाही. नवापूर स्टेशनच्या फलाटावरून दोन राज्यांची हद्द जाते. बाकड्यावर रंगवलेली ती रेघ बघायला लोक मुद्दाम उतरतात, फोटो काढतात. मुलांच्या वह्यांतून जाणाऱ्या तिच्याच जोडीच्या रेघेचा फोटो कुणी काढत नाही.

पूर्वी अशी वाट बघावी लागत नसे, असं म्हणणारे भेटतात. बरोबर आहे, कारण पूर्वी यादीच नसे, दाता असे. आपल्याकडची विद्येसाठी पैसे देण्याची सर्वात गाजलेली रीत म्हणजे श्रावणातली दक्षिणा. ती पेशव्यांची म्हणून आपण ओळखतो, पण सुरू केली सेनापती खंडेराव दाभाड्यांनी, तळेगावात. आणि दाभाड्यांचा पैसा कुठला? गुजरातेतल्या वसुलीचा. त्यांचे हस्तक पिलाजी गायकवाड यांनी सोनगडचा किल्ला ताब्यात घेतला होता. आमची भुसावळ गाडी त्या सोनगडावरूनच जाते. १७३१ मध्ये डभोईजवळच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, पहिल्या बाजीरावाची सरशी झाली आणि दक्षिणेचा मान पुण्याला गेला. सुरत-बडोद्याकडचा शेतसारा आणि तळेगाव-पुण्याचे शास्त्री यांचं हे नातं मला फार बोलकं वाटतं. ज्यांच्या शेतातून पैसा गेला त्यांच्या पोरांना, दक्षिणा जिथं वाटत त्या पुण्याच्या रमण्यात कुणी उभंही केलं नसतं. विद्वानांची परीक्षा होई, मोठ्या शास्त्र्यांना मोठी दक्षिणा मिळे. पण परीक्षेला बसायचं कुणी, हे जन्मानं आधीच ठरलेलं. पहिली चाळणी तिथंच, म्हणून पुढे कटऑफची गरज नाही.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननं दक्षिणा एकदम तोडली नाही. वर्षाला ५० हजार रुपयांची रक्कम राखली, त्यातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा उघडली. मग १८४९ मध्ये लोकहितवादी आणि काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेतला पैसा मराठी ग्रंथांना बक्षिसं देण्यासाठी वापरावा. त्यावरून पुण्यात केवढा गहजब झाला! अर्जावर सह्या करणाऱ्यांना धमक्या आल्या, आणि त्यांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. शिष्यवृत्तीच्या पैशावर हक्क कुणाचा, हे आपल्याकडचं पहिलं जाहीर भांडण मी हेच मानतो. आरक्षणाच्या वादात दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी १८४९ चा हा अर्ज एकदा डोळ्यांखालून घालावा.

त्या वेळी सुरतेत काय चाललं होतं? इथंही एक मराठी मास्तर होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणाचे कर्ते, १८४० च्या दशकात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकवत होते. दुर्गाराम मेहताजींसारखे सुरती मास्तर त्यांचे सोबती, आणि १८४४ मध्ये या मंडळींनी मानवधर्म सभा काढली. जातिभेद आणि भूतखेतांच्या समजुतींवर भर सभेत बोलणारी ही सभा सुरतेत निघाली आणि तिच्यात एक मराठी माणूस आघाडीवर होता, हे आमच्या शाळांत कुणी शिकवत नाही. मी शिकवायचो. व्याकरणाच्या तासाला पोरं कंटाळली की दादोबांना सुरतेत आणायचं, हा माझा ठरलेला उपाय.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये आलं आणि छापील आकड्यांची पहिली रेघ पडली. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ मुलं बसली, उत्तीर्ण झाली २२. रानडे, भांडारकर त्या बावीसांतले. सुरत, पुणे, मुंबई सगळं याच विद्यापीठाच्या छत्राखाली. सुरतेच्या मुलालाही मॅट्रिक मुंबईचीच. पण ही उत्तीर्ण होण्याची रेघ. ती ओलांडणारे २२ ऐवजी १०० असते तर १०० उत्तीर्ण झाले असते. एकानं ओलांडली म्हणून दुसऱ्याची जागा गेली नाही. शिष्यवृत्तीचं तसं नाही. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती; १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली आणि आजही जुन्या घरांत तिचं नाव आदरानं घेतात. तिथं वाट बघणारे मोजकेच, कारण आपला नंबर पहिला येईल असं वाटणारे मोजकेच. बाकीच्यांनी वाट बघितलीच नाही. कटऑफची हुरहूर ही मुळात आशेची खूण आहे. लूम कारीगराच्या घरात ती पोचायला पुढची शंभर वर्षं जावी लागली.

आता मार्कांची एक गोष्ट सांगतो. पालकांसमोर मी ती हटकून सांगतो. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झालेल्या एका मुलाला ७५० पैकी २८२ मार्क पडले होते. हिशेब करा: ३७.६ टक्के. आजच्या एनएमएमएसच्या ४० टक्क्यांच्या रेघेखाली. तो मुलगा भीमराव रामजी आंबेडकर. त्याच्या समाजात मॅट्रिक होणं हीच एवढी मोठी गोष्ट होती की सत्काराची सभा भरली. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या सभेत त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं, आणि पुढे पैशाची ओढाताण झाली तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. महाराजांनी महिना २५ रुपये बांधून दिले; त्यावर कॉलेज झालं.

बी. ए. झाल्यावर तो बडोद्याला नोकरीला गेला आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. निघाला. त्या प्रवासातला एक तपशील चरित्रकारांनी नोंदवलाय, आणि तो आमच्या गावचा आहे. गाडी सुरतेला थांबली, वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून तो खाली उतरला आणि गाडी सुटली. पुढच्या गाडीनं मुंबईला पोचेपर्यंत उशीर झाला होता. रामजी सुभेदार मुलाला जेमतेम डोळे भरून बघू शकले. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले. सुरत स्टेशनावरून दिवसाला लाखभर माणसं ये-जा करत असतील. या गोष्टीची तिथं एक साधी पाटी का नाही, हे मला कधीच समजलेलं नाही.

त्याच वर्षी बडोदा संस्थानानं त्याला कोलंबिया विद्यापीठात पाठवायचं ठरवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करण्याचा करार. यात स्पर्धा परीक्षा नव्हती, यादी नव्हती, कोटा नव्हता. एक गुरुजी होते आणि एक राजा होता. राजाची नजर चांगली होती, हे खरंच; १९०६ मध्ये साऱ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणणारा तो राजा. सुरतेच्या आसपासची कामरेज, पलसाणा, व्यारा ही गावं तेव्हा गायकवाडीतच. पण केळुसकर भेटले नसते तर? हा प्रश्न मला यादीच्या बाजूला ओढतो. यादी निर्दय असेल, पण तिला ओळख लागत नाही. माझ्या ओळखीचे काही जुने शिक्षक अजूनही म्हणतात, "परीक्षा कशाला, हेडमास्तरांना विचारा, कोण गरजू ते ते सांगतील." मी त्यांच्याशी भांडतो. हेडमास्तरला सगळी पोरं दिसतात असं मानायला मी हेडमास्तरांबरोबर फार वर्षं काम केलंय.

यादीचं युग आपल्याकडे खऱ्या अर्थानं १९५४-५५ मध्ये सुरू झालं. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा, महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची बालपणं जिनं ढवळून काढली ती, तेव्हापासूनची. तेव्हा महाराष्ट्र नव्हता. मुंबई राज्य होतं आणि सुरत त्यातच होती. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, तशा परीक्षाही वेगळ्या वाटांनी गेल्या. पुण्याची परीक्षा परिषद तिकडे, गांधीनगरचं परीक्षा बोर्ड इकडे. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रानं ती पाचवी-आठवीला नेली. आमच्याकडे सहावीला पीएसई, नववीला एसएसई. आमच्या वस्तीतल्या बापानं गावाकडे चौथीची स्कॉलरशिप दिलेली असते, पोरगा इथं सहावीची देतो, आणि दोघांना एकमेकांची परीक्षा कळत नाही.

दिल्लीनं १९६३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध सुरू केला. पहिल्या साली फक्त दिल्लीत, फक्त १० शिष्यवृत्त्या. दुसऱ्या साली देशभर ३५०. मूलभूत विज्ञानाकडे हुशार मुलं वळावीत, हा हेतू. १९७६ नंतर त्यात इतर विषय आले, तीच एनटीएसई. १९८५ पासून आधी राज्याची फेरी, मग राष्ट्रीय. इथं कटऑफ हा शब्द क्लासवाल्यांच्या तोंडी रुळला, आणि मोठ्या शहरांत तर ही परीक्षा म्हणजे आयआयटीच्या क्लासची पहिली पायरी होऊन बसली. शिष्यवृत्ती २,००० मुलांपर्यंत वाढली होती. पण योजनेची मंजुरी ३१ मार्च २०२१ पर्यंतची होती. पुढे ती स्थगित झाली, आणि तेव्हाच्या नववीतल्या मुलांनी घेतलेली पुस्तकं रद्दीत गेली. हुशारांचं त्यानं फारसं अडलं नाही. ज्यांचं अडलं असतं ती मुलं त्या परीक्षेपर्यंत पोचतच नव्हती. हे माझं मत कडवट वाटेल, पण माझ्या शाळेतून एनटीएसईच्या राष्ट्रीय फेरीला गेलेलं मूल मला आठवत नाही. एनएमएमएस लागलेली मात्र आठवतात, नावानिशी.

ही राज्यागणिक बदलणारी रेघ आपलीच खासियत आहे असंही नाही. अमेरिकेत नॅशनल मेरिट नावाची स्पर्धा १९५५ पासून आहे. तिथंही राज्यागणिक जागा, तिथंही राज्यागणिक कटऑफ, तिथंही घरोघर अंदाज. २२८ पैकी मोजतात, आणि न्यू जर्सीचा कटऑफ वर्षानुवर्षं सर्वात वरच्यांत असतो. सुरतेत ज्याचं कुणी न्यू जर्सीत नाही असं गुजराती घर शोधावं लागेल, त्यांच्याकडचे आजोबा मला विचारतात, "नातवाला दुसऱ्या राज्यात असता तर मिळालं असतं म्हणतात, असं कसं?" मी त्यांना नवापूरचं बाकडं सांगतो. फरक एवढाच की तिथं ती शिष्यवृत्ती बहुतेकांना मानाची असते. इथं महिना हजार रुपये म्हणजे नववीनंतर मुलगी घरी बसून टिक्की चिकटवणार की 'सुमन हायस्कूल'ला जाणार, याचा निकाल असतो.

हजारच. सुरुवातीला महिना ५०० होते, १ एप्रिल २०१७ पासून १,०००. नववी ते बारावी चार वर्षांचे ४८,०००. त्यानंतर साडी महागली, खोलीभाडं वाढलं, उत्पन्नाची मर्यादा दीड लाखावरून साडेतीन लाखांवर नेली. ती नेणं योग्यच होतं. पण मर्यादा वाढली म्हणजे अर्ज करणारे वाढले, आणि जागा त्याच १ लाख. म्हणून कटऑफ वर सरकतो तेव्हा "यंदा पोरं फार हुशार निघाली" असं जे वर्तमानपत्रं लिहितात, ते मला पटत नाही. कटऑफ मुलाची हुशारी सांगत नाही. सरकार किती मुलांसाठी खिशात हात घालायला तयार आहे, तेवढंच तो सांगतो. ११२ वाल्याचं नाव आलं आणि १११ वाल्याचं राहिलं, तर त्या दोघांत एका गोळ्याचा फरक आहे, दुसरा काही नाही. जागा वाढवणं सरकारच्या हातात आहे. १९६३ ते १९६४ या एका वर्षात १० च्या ३५० झाल्या होत्याच की.

सुरतेतल्या आपल्या माणसांना दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली: कटऑफची वाट बघत हातावर हात धरून बसू नका. मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, मुलाच्या नावानं बँकेत खातं उघडा, ते आधारला जोडा, आणि दाखल्यावरचं, आधारवरचं आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते बघा. खानदेशातून येताना आडनावाचं स्पेलिंग आपल्याकडे तीनदा बदलतं. दुसरी: यादीत नाव आलं की काम संपलं असं समजू नका. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, शाळेनं तो तपासून पुढे पाठवावा लागतो, आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. नववीत आणि अकरावीत ५५ टक्के, दहावीत ६०. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सूट. नूतनीकरण चुकलं की मिळवलेली शिष्यवृत्ती हातची जाते. पोर्टलची मुदत कधी संपते, ते शाळेत जाऊन आजच विचारून या.